ब्लिझर्ड पडत नाही

रविवार, २३ जानेवारी २००५. संध्याकाळचे पावणेआठ. दिंडोशीच्या नागरी निवारा वसाहतीच्या फाटकाशी क्वालिस उभी आहे आणि ड्रायव्हर हॉर्नवरून हात काढायला तयार नाही. तुमचं वय एकवीस. खिशात ओळखपत्र, हातात डबा, अंगात स्वेटर. बाहेर थंडी अशी नाहीच, पण ऑफिसातला एसी माणसांपेक्षा संगणकांची काळजी घेतो.

मागे वळून पाहिलंत तर टेकडीच्या अंगावर चढत गेलेल्या इमारती दिसतील. मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं भांडून मिळवलेल्या जमिनीवर तुमच्या बाबांना घर मिळालं. त्याच घरातून तुम्ही रोज रात्री अमेरिकेला निघता. डोंगरापलीकडे चित्रनगरी. दिंडोशीकरांनी बर्फ पाहिला तो तिथला: थर्मोकोलचा भुगा, फेस, मीठ, आणि वादळ हवं असेल तर एक भलामोठा पंखा.

गाडी संतोषनगरहून दोघांना उचलते, हायवे ओलांडते आणि मालाडच्या माइंडस्पेसमधल्या कॉल सेंटरला पोचते. शिफ्टआधी अर्धा तास वर्ग. ट्रेनर बांद्र्याची. आज तिने फळ्यावर एकच शब्द लिहिलाय, कारण बॉस्टनमध्ये कालपासून तोच चालू आहे. ब्लिझर्ड.

तुम्ही वहीत देवनागरीत उतरवून घेता. तुमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. पहिलीपासून शिकवायचा निर्णय आला २००० मध्ये, म्हणजे तुमच्या उपयोगाचा नाही. 'ब्लि'वर जोर, 'झा' नव्हे 'झ', शेवटचा 'र' जीभ मागे वळवून. हे जमतं. अडतं ते वाक्य करताना.

'हेवी ब्लिझर्ड इज फॉलिंग,' तुम्ही म्हणता.

ट्रेनर मान हलवते. पाऊस पडतो, गारा पडतात, म्हणून तुम्ही ब्लिझर्डलाही पाडलंत. इंग्रजीत ते येऊन आदळतं, घोंघावतं, गावं गाडून टाकतं. 'ए ब्लिझर्ड हिट बॉस्टन.' 'दे आर स्नोड इन.' शिवाय प्रत्येक बर्फवृष्टीला हा शब्द वापरायचा नाही. अमेरिकेच्या हवामान खात्याची अट आहे: वारा ताशी किमान ३५ मैल, उडत्या बर्फामुळे पाव मैलापलीकडचं दिसू नये, आणि हे सारं सलग तीन तास. किती इंच बर्फ पडला, याचा त्या अटीत उल्लेखच नाही.

वही मिटण्याआधी जरा मागे चला. फार नाही, ११७ वर्षं.

१२ मार्च १८८८, सोमवार, न्यूयॉर्क. शनिवारी हवा उबदार होती, म्हणून लोक बेसावध. आता तुमच्या कमरेपर्यंत बर्फ आहे आणि वाऱ्याने रचलेले ढीग दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांना टेकलेत. पुलावरून धावणाऱ्या गाड्या अधांतरी अडकल्यात. काही हुशार मंडळी शिड्या लावून, पैसे घेऊन प्रवाशांना खाली उतरवताहेत. (मुंबईकराला हे ओळखीचं वाटेल.) या वादळात पूर्व किनाऱ्यावर सुमारे ४०० माणसं गेली. शब्द तेव्हा तसा नवाच होता. पूर्वी त्याचा अर्थ जोरदार तडाखा किंवा बंदुकीचा बार. वादळाला तो चिकटवला आयोवातल्या एस्थरव्हिल गावच्या एका छोट्या वृत्तपत्राने, १८७० मध्ये. पंडिता रमाबाई त्या मार्चमध्ये अमेरिकेतच होत्या. पुढच्याच वर्षी त्यांनी त्या देशावर मराठीत जाडजूड पुस्तक छापलं.

पण तुम्हाला इथे आणलंय ते तारांसाठी. डोक्यावर पाहा. तारायंत्राचे खांब आडवे झालेत, तारा तुटून लोंबताहेत. न्यूयॉर्कहून बॉस्टन साधारण साडेतीनशे किलोमीटर, पण निरोप सरळ जाऊ शकत नाही. म्हणून तो अटलांटिकच्या तळाशी असलेल्या तारेतून आधी लंडनला जातो आणि तिथून पुन्हा समुद्र ओलांडून बॉस्टनला येतो. शेजारच्या शहराची खबर परक्या देशातल्या तारबाबूकडून. या वादळानंतर शहराने तारा जमिनीखाली घालण्याचं मनावर घेतलं.

त्या लंडनच्या तारबाबूने निरोपातला एखादा शब्द वाचून खिडकीबाहेर पाहिलं असेल का? तेवढा वेळ त्याला नसावा. तुम्हालाही नाही. हेडसेट लावा.

रात्रीचे नऊ. बॉस्टनमध्ये सकाळचे साडेदहा. पडद्यावर मॅसॅच्युसेट्सचा पत्ता उमटतो. आवाज म्हातारा, बाईचा. क्रेडिट कार्डाचा हप्ता उद्या भरायचाय, टपाल बंद, दार उघडत नाही. तुम्ही आज 'सॅम'. अगदी शिकवल्यासारखं बोलता: 'आय अंडरस्टँड, मॅम. ए ब्लिझर्ड हिट युअर एरिया.' उच्चार चोख. मग लगेच, 'मे आय हॅव युअर अकाउंट नंबर, प्लीज?'

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग ती अंक वाचू लागते. उशिराचा दंड तुम्ही माफ करता; तेवढा अधिकार तुम्हाला आहे. कॉल चार मिनिटांत संपतो. टीम लीडर अंगठा दाखवतो. ती घरात एकटी होती का, हीटर चालू होता का, हे तुमच्या पडद्यावर कुठेच नव्हतं. बॉस्टनच्या विमानतळावर त्या वादळात साडेबावीस इंच बर्फ मोजला गेला, हे तुम्ही सकाळी परतताना पेपरात वाचता.

आता सहा महिने पुढे या. २६ जुलै, मंगळवार. रात्रपाळी करून तुम्ही दुपारी झोपलाय. दोनच्या सुमाराला पावसाच्या आवाजाने जाग येते. टेकडीवरून पाणी चिखल घेऊन उतरतंय. क्वालिस येणार नाही. बाबा कुर्ल्याला ऑफिसात, मोबाइल मुके. अंधार पडल्यावर तुम्ही हायवेवर जाता. बसगाड्या जागच्या जागी, आणि माणसांची रांग उत्तरेकडे चाललेली, चपला हातात घेऊन. वसाहतीतल्या बायकांनी चहाची पातेली रस्त्याच्या कडेला आणून ठेवलीत. कोणी कोणाला नाव विचारत नाही, 'कुठून आलात? कुठवर जायचंय?' एवढंच. बाबा पहाटे येतात, गुडघ्यापर्यंत चिखल, छत्री तशीच मिटलेली.

सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर मोजले. कुलाब्यात त्याच दिवशी जेमतेम ७३.

गुरुवारी रात्री तुम्ही पुन्हा हेडसेट लावता. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. बफेलोहून एक गृहस्थ बोलताहेत. तुम्ही कुठे बसलाय, असं विचारतात. एरवी ते सांगायचं नसतं. या आठवड्यात कोणी हटकत नाही.

'मुंबई. वुई गॉट थर्टी-सेव्हन इंचेस.'

'ऑफ स्नो?'

'रेन, सर.'

ते शीळ घालतात. दहा इंच बर्फ म्हणजे ढोबळमानाने एक इंच पाणी, हे बफेलोकराला शिकवावं लागत नाही; तुमचे सदतीस इंच त्यांच्या हिशेबात तीनमजली इमारतीएवढे होतात. मग ते १९७७ च्या जानेवारीबद्दल बोलू लागतात. त्या ब्लिझर्डमध्ये नवा बर्फ फारसा पडलाच नव्हता. ईरी सरोवर गोठलेलं, त्यावर आठवड्यांचा भुसभुशीत बर्फ साठलेला. वाऱ्याने तो उचलून शहरावर आणून टाकला. गाड्या गाडल्या गेल्या, माणसं आतच मेली. इंचांना काय विचारायचं, ते म्हणतात. आणि मग, बिलाचं अजून काहीच न बोलता:

'डिड एव्हरीबडी गेट होम?'

तुम्ही 'येस, सर' म्हणता. मग बाबांचं सांगता. छत्रीचंही. कॉल अकरा मिनिटांचा होतो. टीम लीडर या वेळी अंगठा दाखवत नाही.

आता शेवटची उडी. फेब्रुवारी २००६, सोमवारची संध्याकाळ. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात शनिवार-रविवारी २६.९ इंच बर्फ पडलाय, तिथल्या नोंदींतला तोवरचा उच्चांक. बांद्र्याची ट्रेनर लग्न करून दुबईला गेली, आणि खडू तुमच्या हातात आला. समोर बारा नवी पोरं, त्यांतली तिघं दिंडोशीची.

'हेवी ब्लिझर्ड इज फॉलिंग,' मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं.

तुम्ही फळ्यावर तीन अटी लिहिता, मग वाक्यं. ब्लिझर्ड हिट. स्नोड इन. त्याखाली, रेघ मारून, आणखी दोन: 'आर यू वॉर्म इनफ, मॅम? इज एनीबडी विथ यू?' आणि त्यांच्या खाली अकाउंट नंबरचं नेहमीचं वाक्य.

पुढच्या बाकावरची मुलगी पेन थांबवते. 'हे दोन प्रश्न कॉलच्या मार्कांत धरतात का?'

'नाही धरत.'

'मग वेळ वाढेल ना आपला.'

'वाढेल,' तुम्ही म्हणता. 'लिहून घे.'