सात गोलांखाली दबलेलं सुवर्ण

देवणी म्हटलं की लोकांना ठिपक्यांची गाय आठवते, नांगराला जुंपलेला देवणी बैल आठवतो. हॉकी आठवावी असं इथं काही नाही. आमचं रान काळं. पावसाळ्यात पाय रुततो, उन्हाळ्यात भेगा पडतात. तरीही गेली काही वर्षं मी एका हॉकीपटूविषयी मिळेल ते टिपून ठेवतो आहे. त्याचं मूळ एका संध्याकाळी आहे.

१ डिसेंबर १९८२. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला होता. देवणी तेव्हा उदगीर तालुक्यात होतं. दिल्लीत नववे आशियाई खेळ चालू होते. पुरुषांच्या हॉकीचा अंतिम सामना, समोर पाकिस्तान. गल्लीतली दहा-बारा माणसं आमच्या ओट्यावर ट्रान्झिस्टरभोवती बसली होती. भारत १-७ असा हरला. शेवटचे गोल कुणी ऐकलेच नाहीत. वडिलांनी मध्येच कान पिळून ट्रान्झिस्टर बंद केला. ते सात गोल आमच्या पिढीला आजही पाठ आहेत. गोलरक्षक मीर रंजन नेगी यांच्या वाट्याला आलेली मानहानी पुढे घरोघरी माहीत झाली.

त्याच खेळांत भारताने हॉकीचं सुवर्णपदक जिंकलं होतं, हे मला कळलं ते चाळिशी उलटल्यावर. आशियाई खेळांत स्त्रियांची हॉकी त्या वर्षी पहिल्यांदाच आली. भारत पहिला, दक्षिण कोरिया दुसरा, मलेशिया तिसरा. आणि भारताची कर्णधार होती पुण्याची एलिझा नेल्सन.

एलिझाचा जन्म १९५६चा. १९८०मध्ये मॉस्कोला स्त्रियांची हॉकी ऑलिम्पिकमध्ये प्रथम खेळली गेली, त्या संघात ती होती. महाराष्ट्राच्या रेखा मुंडफनही होत्या. सहा संघ, प्रत्येकाचा प्रत्येकाशी सामना. आपण ऑस्ट्रियाला २-० आणि पोलंडला ४-० हरवलं. सुवर्ण जिंकणाऱ्या झिंबाब्वेला १-१ असं रोखलं. चेकोस्लोव्हाकिया आणि सोव्हिएत संघाकडून मात्र हरलो. गुण झाले पाच. कांस्य मिळवणाऱ्या सोव्हिएत संघाचे सहा. एका गुणाने पदक गेलं. अनेक देशांनी बहिष्कार टाकलेलं ते ऑलिम्पिक होतं, हे खरं. पण त्याच ऑलिम्पिकमधलं पुरुषांचं सुवर्ण आपण अभिमानाने मोजतो, मग मुलींच्या चौथ्या क्रमांकालाच बहिष्काराची तळटीप का?

एलिझाला अर्जुन पुरस्कार मिळाला, १९८३मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे सरकारदरबारी नोंद झाली. विसर पडला तो आपल्याला. त्या विजयाचं मोल पुढच्या आकड्यांवरून कळतं. भारतीय मुली पुन्हा ऑलिम्पिक खेळल्या २०१६मध्ये, तब्बल छत्तीस वर्षांनी. आशियाई खेळांत १९९८ आणि २०१८ला रौप्य आलं, २०२३च्या हांगझोऊला कांस्य. सुवर्ण दिल्लीतलं ते एकच.

आपण हे का विसरलो? पाकिस्तानविरुद्धचा पराभव ही देशाची जखम मानली गेली. मुलींचा विजय ही मुलींची बाब राहिली. स्त्रियांच्या हॉकीचा कारभारही तेव्हा पुरुषांच्या महासंघापासून वेगळा होता. आमच्या ओट्यावर तर त्या सामन्यांची चौकशीही झाली नाही. मी तिथंच होतो. मीही विचारलं नाही.

त्या वर्षी माझी थोरली बहीण सातवीत होती. खो-खोत तिच्यासारखी पळणारी शाळेत दुसरी नव्हती. पुढच्या वर्षी तिची शाळा सुटली. मुलीनं मैदानात पळून काय करायचं, हा प्रश्न तेव्हा घराघरांत होता. त्याला दिल्लीत उत्तर मिळालं होतं, ते देवणीपर्यंत पोचलं नाही.

मागच्या दिवाळीत ताई माहेरी आली तेव्हा मी तिला माझी वही दाखवली. तिनं एलिझाचं नाव दोनदा वाचलं. "पुण्याची होती व्हय रं? मग तवा कुणी सांगितलं न्हाई ते!" एवढं बोलून तिनं वही मिटली आणि ती फराळाचं बघायला आत गेली.

वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर डिसेंबर १९८२ची मराठी वर्तमानपत्रं असतील, तर रद्दीत घालण्याआधी एकदा खेळाचं पान उघडून पाहावं. सात गोलांच्या बातमीखाली एखादी लहान चौकट असेलच.