672 तास आणि सतरा लाख उत्तरपत्रिका

2017 च्या जुलैत मुंबई विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासायला नागपूरच्या प्राध्यापकांचीही मदत घेतली गेली. त्यासाठी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे विदर्भ एक्सप्रेसमध्ये चढवावे लागले नाहीत. नागपुरात आलं ते पानांचं चित्र. मुंबईत स्कॅन झालेलं, सर्व्हरवर चढवलेलं आणि आठशे किलोमीटरवरच्या पडद्यावर उघडणारं.

त्या महिन्याचा हिशेब इथे तासांत मांडतो आहे. त्या महिन्यात ना पेपर फुटला, ना कुठे आग लागली, ना कुणी सर्व्हरवर हल्ला केला. कागदाचं चित्र काढायचं, ते ज्याचं त्याच्या नावाला जोडायचं आणि योग्य माणसापुढे ठेवायचं, एवढंच काम होतं. ते साधलं नाही. त्याची किंमत पदवीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलांनी मोजली.

1,080 तास: कायद्याने दिलेली मुदत

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 हा 1 मार्च 2017 पासून लागू झाला. परीक्षेनंतर 30 दिवसांत निकाल लावावा, काही झालं तरी 45 दिवसांपलीकडे जाऊ नये, असं तो सांगतो. 45 दिवस म्हणजे 1,080 तास.

त्याच उन्हाळ्यात तेव्हाचे कुलगुरू संजय देशमुख यांच्या कारकिर्दीत विद्यापीठाने सगळ्या शाखांच्या उत्तरपत्रिका पडद्यावर तपासायचं ठरवलं. हेतू वाईट नव्हता. पानावर नाव दिसत नाही, बेरीज यंत्र करतं, गुण परस्पर नोंदले जातात. पण परीक्षा सुरू झाल्या तरी कंत्राटदार नेमण्याचं काम संपलेलं नव्हतं. उत्तरपत्रिका साठत गेल्या आणि त्या वाचणारी यंत्रणा मागून उभी राहत होती. पाहुणे पंगतीला बसल्यावर चूल मांडायला घ्यावी, तसं हे झालं.

672 तास उरले: 4 जुलै, मंगळवार

कुलपती, म्हणजे राज्यपाल चे. विद्यासागर राव यांनी या दिवशी मुदत घातली: सगळे निकाल 31 जुलैपर्यंत लागले पाहिजेत. 4 जुलै उजाडल्यापासून 31 जुलैच्या मध्यरात्रीपर्यंत 28 दिवस, म्हणजे 672 तास. परीक्षा 477 आणि उत्तरपत्रिका सतरा लाखांच्या घरात.

हा आकडा ऐकून वाटतं की एवढ्या पानांना जागाच पुरली नसेल. हिशेब करून पाहू. एका उत्तरपत्रिकेची 32 पानं धरली तर 5 कोटी 44 लाख चित्रं होतात. एक पान 100 केबीत बसवलं तर हा सगळा पसारा साडेपाच टीबीचा. तेव्हा बाजारात मिळणाऱ्या एका मोठ्या हार्ड डिस्कवर तो मावला असता.

माणसांचाही हिशेब करू. एका उत्तरपत्रिकेला पंधरा मिनिटं धरली, तर सव्वाचार लाख तासांचं काम झालं. रोज आठ तास, एकही सुटी न घेता 28 दिवस बसणारे सुमारे 1,900 शिक्षक ते उरकू शकले असते. तेवढे शिक्षक एका जागी आणणं सोपं नव्हतं. उशिराचं ते एक खरं कारण होतं. पण आकडे अशक्य म्हणावेत असे नव्हते.

अवघड काम वेगळंच होतं. साडेपाच कोटींपैकी प्रत्येक चित्र कोणाचं, कोणत्या विषयाचं आणि कितवं पान, हे एकदाही न चुकता सांभाळायचं होतं.

336 तास उरले: 18 जुलै, मंगळवार

हा विद्यापीठाचा वाढदिवस. 18 जुलै 1857 ला स्थापन झालेलं विद्यापीठ या दिवशी 160 वर्षांचं झालं आणि त्याच वेळी निकालांसाठी धावत होतं.

कागदाच्या गठ्ठ्याची एक शिस्त असते. उत्तरपत्रिकेला पुरवणी दोऱ्याने बांधलेली असते. गठ्ठा मोजून घ्यायचा, मोजून द्यायचा, सही करायची. एखादी पुरवणी सुटली तर हाताला कळतं. पान फाटलं असेल तर परीक्षक उठून केंद्रप्रमुखाला दाखवतो.

स्कॅन करण्यासाठी हा दोरा सोडावा लागतो. पानं सुटी होतात, यंत्रातून एकेक जातात आणि पलीकडे फाईल म्हणून उतरतात. आता त्यांना बांधून ठेवणारा दोरा म्हणजे बारकोड आणि सर्व्हरवरची नोंद. अशा प्रणालीत परीक्षकाला मधोमध मोठं पान दिसतं आणि कडेला सगळ्या पानांच्या छोट्या प्रतिमांची, थंबनेलची, पट्टी असते. परीक्षकासाठी तीच उत्तरपत्रिकेची जाडी. त्या पट्टीत पुरवणी आली नाही, तर नागपुरात बसलेल्या प्राध्यापकाच्या लेखी ती लिहिलीच गेलेली नाही. मुलाने शेवटचे दोन प्रश्न सोडवलेले असतात आणि परीक्षकाला ते सुटलेले दिसतात. दोघंही खरं बोलत असतात.

192 तास उरले: 24 जुलै, सोमवार

शिक्षक पूर्ण वेळ तपासणीला बसावेत म्हणून 24 ते 27 जुलै असे चार दिवस महाविद्यालयांतले वर्ग बंद ठेवण्यात आले. नागपूरसह राज्यातल्या इतर विद्यापीठांच्या शिक्षकांनाही या कामात घेतलं होतं.

तपासणी केंद्रांवरून येणाऱ्या तक्रारी वर्तमानपत्रांत रोज छापून येत होत्या. लॉगिन होत नाही. पान उघडायला वेळ लागतो. स्कॅन पुसट आहे. विषय माझा नाही, तरी उत्तरपत्रिका माझ्यापुढे आली. यातली शेवटची तक्रार सगळ्यांत गंभीर होती. पान पुसट असलं तर ते पुन्हा स्कॅन करता येतं. चुकीच्या विषयाखाली गेलेलं पान मात्र आपण चुकलो आहोत हे कुणालाच सांगत नाही. ते सर्व्हरवर सुरक्षित पडून असतं, आकड्यात मोजलं जातं आणि तरीही हरवलेलं असतं.

96 तास उरले: 28 जुलै, शुक्रवार

चार दिवसांची सुटी संपली, काम उरलं. अशा टप्प्यावर यंत्रणा चालवणाऱ्याला एक मोह होतो. फाईलवर जे लिहिलंय ते खरं मानायचं, उघडून पाहायचं नाही आणि पुढे जायचं.

हा मोह जगभर महाग पडलेला आहे. ऑगस्ट 2011 मध्ये टिमथंब नावाच्या एका छोट्या प्रोग्रामने हजारो वर्डप्रेस संकेतस्थळांना धोक्यात आणलं. त्याचं काम एवढंच, मोठ्या चित्राचं थंबनेल करून द्यायचं. चित्र विश्वासातल्या संकेतस्थळावरून आलंय का, हे तो तपासत असे. पण कसं? त्या संकेतस्थळाचं नाव पत्त्यात कुठेतरी आहे का, एवढंच बघून. हल्लेखोरांनी ते नाव आपल्या पत्त्यात घुसवलं, चित्राऐवजी प्रोग्रामची फाईल दिली आणि टिमथंबने ती मुकाट्याने आपल्या फोल्डरमध्ये उतरवून घेतली. तिथून ती चालवताही येत होती.

मुंबईत कुणी हल्लेखोर नव्हता, पण चूक त्याच जातीची होती. गठ्ठ्यावरची चिठ्ठी वाचली आणि गठ्ठा सोडून पाहिला नाही.

24 तास उरले: 31 जुलै, सोमवार

शेवटच्या दिवशी निम्म्याहून अधिक परीक्षांचे निकाल बाकी होते. ज्यांची पुढची वाट या निकालावर अडली होती ती मुलं फोन लावत होती. कुणाला परदेशातल्या विद्यापीठात गुणपत्रिका पाठवायची होती, कुणाला पदव्युत्तर प्रवेश घ्यायचा होता, कुणाला नोकरीवर रुजू व्हायचं होतं. त्यांच्या हातात उत्तरपत्रिका दिल्याची केंद्रावरची सही होती. पुढचं सगळं त्यांच्या नजरेआड होतं.

0 तास: 1 ऑगस्ट, मध्यरात्र

मुदत संपली. निकाल लागले नाहीत.

मुदतीनंतरचे तास

नव्या तारखा जाहीर होत राहिल्या आणि टळत राहिल्या. ऑगस्टमध्ये कुलगुरूंना रजेवर पाठवून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू देवानंद शिंदे यांच्याकडे कार्यभार दिला गेला. शेवटचे निकाल लागेपर्यंत सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा उजाडला. 24 ऑक्टोबर 2017 ला राज्यपालांनी संजय देशमुख यांना पदावरून दूर केलं. मुंबई विद्यापीठाच्या 160 वर्षांत एखाद्या कुलगुरूला असं काढलं जाण्याची ही पहिलीच वेळ होती.

माझ्या मते खरी आपत्ती त्यानंतर दिसली. छायांकित प्रती मागवणाऱ्या काही मुलांच्या हाती दुसऱ्याचीच उत्तरपत्रिका आली. काहींची सापडलीच नाही आणि त्यांना सरासरी गुण देण्याची वेळ आली. सरासरी गुण म्हणजे विद्यापीठाची लेखी कबुलीच, की तू लिहिलंस, आम्ही घेतलं आणि आमच्याकडे ते नाही. पुढच्या सत्रात विद्यापीठाने पुरवण्या देणंच थांबवायचं परिपत्रक काढलं आणि तो वाद उच्च न्यायालयात गेला. यंत्राला दोरा सांभाळता येईना, म्हणून मुलाचा कागद काढून घ्यायचा, असा तो उपाय होता.

मुंबईचा तो पावसाळा आज प्रत्येक घरात आहे. नागपुरात अकरावीच्या प्रवेशापासून शिष्यवृत्तीपर्यंत, सातबाऱ्यापासून विम्याच्या दाव्यापर्यंत आपण रोज फोटो, सही आणि दाखले चढवतो. पडद्यावर हिरवी खूण येते आणि आपण निर्धास्त होतो. ती खूण फाईल पोचल्याची असते. ती उघडली, वाचता आली आणि आपल्याच नावाखाली लागली, याची ती पोच नसते.

अशी यंत्रणा बांधणाऱ्यांना म्हणूनच सांगणं आहे. फाईलचं नाव आणि प्रकार पाठवणाऱ्याच्या सांगण्यावर मानू नका, ती उघडून खात्री करा. सर्व्हरवर तिला तुमचं स्वतःचं, पुन्हा न येणारं नाव द्या. मूळ प्रत वेगळी आणि हात न लावता ठेवा. थंबनेल मोडलं तर पुन्हा करता येतं, मूळ गेलं तर काहीच करता येत नाही. आलेली पानं आणि नोंदलेली पानं रोज मोजून जुळवा, आणि जुळली नाहीत तर त्याच दिवशी काम थांबवा. ज्याची फाईल आहे त्याला ती लगेच दाखवा, कारण आपलं पान त्याच्याइतकं झटकन कुणीच ओळखत नाही. आणि नवी पद्धत आधी एका विषयावर, एका केंद्रावर चालवून पाहा, मग सतरा लाखांवर.

दोऱ्याने बांधलेली पुरवणी सोडण्याचा अधिकार त्यालाच आहे, जो ती पुन्हा त्याच उत्तरपत्रिकेला बांधून देण्याची हमी घेतो. 2017 मध्ये ती हमी कुणी घेतली नव्हती. पुढच्या वेळी दोरा सुटण्याआधी ती मागून घ्या.