सोनेरी सापाचे बेट आणि सापाच्या विषावरचे इंजेक्शन

"साप कोणताही असो, इंजेक्शन एकच" असा अनेकांचा समज असतो. तो पूर्ण खरा का नाही, हे ब्राझीलमधल्या एका लहानशा बेटाच्या इतिहासातून चांगले समजते.

साओ पाउलोच्या किनाऱ्यापासून सुमारे ३५ किलोमीटरवर केमादा ग्रांदे नावाचे बेट आहे. सुमारे ११,००० वर्षांपूर्वी हिमयुग संपताना समुद्राची पातळी वाढली आणि हा डोंगराळ तुकडा मुख्य भूमीपासून तुटला. त्यावर जराराका जातीच्या विषारी सापांचे पूर्वज अडकले. जमिनीवरचे जराराका मुख्यतः उंदीर खातात. बेटावर तसे भक्ष्य नव्हते, पण स्थलांतर करणारे पक्षी येत. साप झाडावर चढू लागले. उंदराला चावून सोडले तरी साप वासावरून त्याचा माग काढू शकतो, पण पक्षी उडून गेला की हातचा गेला. म्हणून हा साप पक्ष्याला चावल्यावर सोडत नाही. त्याचे विषही बदलले. प्रयोगात ते कोंबडीच्या पिल्लांवर जराराकाच्या विषापेक्षा अधिक प्रभावी ठरले.

१९२१ मध्ये बुतांतान संस्थेतील आफ्रानियो दो अमाराल यांनी या पिवळसर सोनेरी सापाची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. आपल्याकडच्या हिरव्या चापड्याचा हा लांबचा नातलग. आज तो फक्त याच बेटावर, काही हजारांच्या संख्येत उरला आहे.

विष बदलते, मग त्यावरचे औषध? फ्रान्सच्या आल्बेर काल्मेत यांनी १८९० च्या दशकात नागाच्या विषावर प्रतिविष तयार केले. ते सर्वच सापांवर चालेल, असे त्यांना वाटत होते. ब्राझीलचे डॉक्टर व्हिताल ब्राझील यांनी दाखवून दिले, की त्यांच्या देशातील जराराका आणि खुळखुळ्या सापांवर ते निरुपयोगी आहे. ज्या सापाचे विष, त्याच्याच विषापासून प्रतिविष करावे लागते. १९०१ मध्ये स्थापन झालेली बुतांतान संस्था त्यांच्याच नेतृत्वाखाली हे काम करू लागली.

आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषांपासून बनते. घोड्याला हे विष अगदी थोड्या प्रमाणात टोचतात आणि त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये वापरतात. चौघांचे मिळून एकच औषध असल्याने त्यांच्यापैकी कोणता चावला हे ठाऊक नसले तरी उपचार सुरू करता येतात. चापडा किंवा समुद्रसाप मात्र या यादीत नाहीत. त्यांच्या दंशात डॉक्टर लक्षणे पाहून उपचार करतात.

म्हणून साप चावल्यास एवढे लक्षात ठेवा:

- साप मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नका. दुरून फोटो मिळाला तर ठीक.
- अंगठी, बांगड्या, पैंजण काढा. चावलेला हात किंवा पाय हलवू नका.
- दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, विष चोखू नका.
- मांत्रिकाकडे न जाता १०८ ला फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा.

कोणते औषध द्यायचे, हे डॉक्टर ठरवतील. तुमच्या हातात आहे ते लवकर पोहोचणे.