मोहाचे फूल आणि पाचवे शील

विनयपिटकातील भेसज्जक्खन्धकात भगवान बुद्धांनी भिक्खूंना सर्व फुलांच्या रसाची अनुज्ञा दिली. अपवाद केला तो एका मधुकाचा. मधुक म्हणजे आपला मोहवृक्ष. त्याच्या गोड फुलांचा रस सहज आंबतो. अपवादाचे कारण आम्हांस त्यातच दिसते.

गोंड समाजात मात्र याच फुलांची दारू पवित्र मानली जाते. विवाहात, अंत्यसंस्कारात पहिले थेंब पूर्वजांना व देवांना भूमीवर वाहतात; मग माणसे पितात. अशी पवित्र पेये अन्यत्रही आढळतात. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या अरण्यात वैदू आयाहुआस्का ही वेल इतर पानांसह उकळून तिचा काढा पितात आणि आत्म्यांशी संवाद साधतात. केचुआ भाषेत ‘आया’ म्हणजे मृत वा आत्मा, ‘हुआस्का’ म्हणजे वेल किंवा दोर. त्या काढ्याने दृश्ये दिसतात, मोहाने केवळ धुंदी येते. तरी अदृश्याशी नाते जोडण्याचा हेतू समान आहे.

म्हणून पाचवे शील सैल करावे काय? मुळीच नाही. नागाला वश करणारे सागत थेर कोसंबीत उपासकांनी दिलेले मद्य पिऊन नगरद्वारी कोसळले. त्यावरूनच भिक्खूंसाठी सुरापाननिषेधाचा नियम झाला. गोंडांची मोठी वस्ती असलेल्या गडचिरोलीतही १९९३ साली लोकचळवळीतूनच दारूबंदी आली. परंतु शील आपल्या प्रमादाला आवरण्यासाठी असते, दुसऱ्याच्या पितरांचा उपहास करण्यासाठी नव्हे. दिवंगतांना पुण्यानुमोदन आपणही करतोच. ते जागृत चित्ताने करावे, एवढाच आपला आग्रह असावा.