राखणदाराचे म्हातारपण

सुकापुरातील एका कुटुंबाने प्राण्यांच्या आश्रमातून आठ वर्षांचा, राखणीच्या दांडग्या जातीचा कुत्रा घरी आणला, तेव्हा शेजारी म्हणाले, “म्हातारा कशाला? पिल्लू नाही मिळाले?”

श्रोतेहो, कुत्र्याच्या जिवाचे मोल काय, हा वाद मुंबईने फार पूर्वी रस्त्यावर पाहिला आहे. १८३२ च्या जूनमध्ये, कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस म्हणून शिपाई लोकांच्या दारची कुत्रीही मारू लागले, आणि कोटातील पारशी खवळले. दुकाने बंद पडली, लष्कर बोलवावे लागले. पारशांच्या वेंदिदादात मेंढरांचा राखणदार व घराचा राखणदार असे कुत्र्यांचे भेद आहेत, आणि त्यांना वाईट अन्न घालणाऱ्यास शिक्षा आहे! दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाई प्रभृतींनी पांजरापोळाचा पाया घातला.

पण पांजरापोळात आसरा मिळतो, घर नव्हे. हा भेद मला मोठा वाटतो.

सुकापूरचा तो कुत्रा तीन रात्री दारातच बसला. कंबर धरलेली, तरी फाटक वाजले की उठे. चौथ्या रात्री तो आत आला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी झोपला.