उरणचा किनारा आणि चित्रीकरणातील उजेडाची सलगता

पडद्यावर तीन मिनिटे चालणारा प्रसंग चित्रित करण्यास पुष्कळदा अख्खा दिवस लागतो. त्या अवधीत सूर्य आकाश ओलांडून जातो. कथेतील वेळ मात्र जागची हललेली नसते. ही तफावत प्रेक्षकाला जाणवू न देणे हे छायालेखकाचे कसब. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) काळापासून सूर्यप्रकाशाचा हा हिशेब मराठी चित्रकर्मींच्या मागे लागलेला आहे.

उरणच्या पिरवाडी किनाऱ्यासारख्या उघड्या जागी तो विशेष जड जातो. येथे समुद्र पश्चिमेस आहे. त्यामुळे समुद्राच्या पार्श्वभूमीवर उभ्या असलेल्या नटाच्या तोंडावर सकाळी ऊन पडते, तर दुपारनंतर तेच ऊन पाठीवर येते. सूर्य माथ्यावर येतो तोही घड्याळातील बाराच्या ठोक्याला नव्हे, ऋतुमानानुसार १२.२० ते १२.५५ च्या दरम्यान. मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैअखेरीस तो जवळजवळ थेट डोक्यावर असतो आणि डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात. डिसेंबरअखेरीस भर मध्यान्हीही तो क्षितिजापासून सुमारे ४८ अंशच वर चढतो. बाह्यचित्रीकरणाला हिवाळा मानवतो तो केवळ गारव्यामुळे नव्हे.

खरी मदार यंत्रांपेक्षा वेळापत्रकावर असते. आसमंत दाखविणारी दूरदृश्ये ठरावीक तास-दीड तासात, एकाच दिशेच्या उन्हात उरकली जातात. समीपदृश्ये मागाहून घेता येतात. कारण नटाच्या डोक्यावर पांढरे झिरझिरीत कापड ताणून ऊन मवाळ करता येते आणि थर्माकोलच्या पांढऱ्या तक्त्याने चेहऱ्यावर उजेड परतविता येतो. कॅमेऱ्यातील ‘व्हाइट बॅलन्स’ मात्र स्वयंचलित ठेवू नये. तो दर दृश्याला रंगछटा बदलतो. संकलनानंतर रंग बऱ्याच अंशी सुधारता येतो, सावलीची दिशा बदलणे मात्र फार अवघड.

पूर्ण भरलेले आभाळ त्रासदायक नसते. सपाट का होईना, उजेड बराच वेळ सारखा राहतो. छळतात ते तुटक ढग. अशा वेळी दृश्य मध्येच तोडून थांबणेच श्रेयस्कर, मग निर्मात्याचा चेहरा कितीही उतरो.

किनाऱ्यावर आणखी एक घटक असतो, भरती-ओहोटी. ओली वाळू आकाशाचा उजेड आरशासारखी परतविते, कोरडी तो पसरविते. सकाळच्या दृश्यात चकाकणारी पुळण दुपारी निस्तेज दिसते. भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकत असल्याने दुसऱ्या दिवशी त्याच तासाला आल्यास ऊन जुळते, पाणी जुळत नाही.