साथीचा कायदा आणि माणसाची अब्रू

मुंबईहून भुसावळ, बऱ्हाणपूर, खंडवा असा जाणारा लोहमार्ग १८७० मध्ये जबलपूर येथे कलकत्त्याच्या मार्गाला जोडला गेला. आमच्या बऱ्हाणपूरच्या विणकरांना त्याने बाजारपेठ दिली. पण सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गोमंतकीय ख्रिस्ती डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, निदान केले आणि पुढील काही महिन्यांत त्या शहराची जवळजवळ निम्मी वस्ती घरे सोडून निघाली. त्यांतील पुष्कळांना उत्तरेकडे नेणारा मार्ग हाच होता. माणसांबरोबर रोगही आगगाडीत बसतो, या भयातून भारताचा पहिला साथीचा कायदा जन्मास आला.

२८ जानेवारी १८९७ रोजी कलकत्त्यास विधेयक मांडले गेले आणि ४ फेब्रुवारीस ते मंजूरही झाले. अवघी चार कलमे. नेहमीचा कायदा अपुरा वाटल्यास सरकारने तात्पुरते नियम करावेत; रेल्वेच्या प्रवाशांची तपासणी करावी; नुसता संशय आला तरी माणसाला इस्पितळात किंवा छावणीत वेगळे ठेवावे; आज्ञा मोडणाऱ्यास शिक्षा व्हावी; आणि सद्‌हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालू नये. ज्याला धरून नेले त्याने दाद कोठे मागावी, याविषयी एक अक्षरही नाही.

रोग्याला वेगळे ठेवणे हाच अन्याय होय, असे मात्र आपण म्हणू शकत नाही. लेवीयाच्या तेराव्या अध्यायात याजक संशयित रोग्याला सात दिवस वेगळा ठेवतो, पुन्हा तपासतो, आणि चट्टा पसरला नसेल तर त्याला शुद्ध ठरवून मोकळा करतो. म्हणजे अलगीकरणाला मुदत आहे आणि फेरतपासणीही आहे. चौदाव्या अध्यायातील एक बारकावा आपण वाचताना सहसा ओलांडून जातो. घराला चट्टा लागल्याचा संशय असेल तर याजकाने आत पाऊल टाकण्याआधी घर रिकामे करवायचे असते. हेतू हा की, घराबरोबर गरिबाची भांडीकुंडीही अशुद्ध ठरून जाऊ नयेत. तपासणी करणाराच येथे घरधन्याच्या चीजवस्तूंची काळजी वाहतो.

पुण्यात याच्या नेमके उलट घडले. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने मृत्यू आला. तीनच दिवसांनी, १३ मार्चपासून, प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांच्या आदेशाने गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर शिरू लागल्या. हे झडतीसत्र १९ मेपर्यंत चालले. देवघरे व माजघरे तुडविली गेली, सामान जाळले गेले, स्त्रियांच्या अंगाला परपुरुषांनी हात लावल्याच्या तक्रारी झाल्या. स्त्रियांचा मान राखण्याच्या सूचना दिल्या होत्या, असे रँड यांचे म्हणणे होते. सूचना असतीलही, पण ती पाळली न गेल्यास सोजिराला जाब विचारणारा कोणी नव्हता. परिणाम असा झाला की, लोक रोगी लपवू लागले, प्रेतेही लपवू लागले. जीव वाचविण्यासाठी केलेली सक्ती रोगाला आडोसा देऊ लागली.

टिळकांचा अलगीकरणाला विरोध नव्हता. त्यांनी स्वतः हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ चालविले आणि शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांवर कोरडे ओढले. विरोध होता तो पद्धतीला. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. पुढचा इतिहास शाळेतली मुलेही जाणतात. पण त्या गोळीच्या आवाजात एका ख्रिस्ती स्त्रीचा स्वर झाकला गेला, आणि आपल्या मंडळीतही त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही.

पंडिता रमाबाई त्या वर्षी मध्य प्रांताच्या दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली सांभाळीत होत्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात नव्या मुली ठेवता येईनात, तेव्हा त्यांना केडगावला हलवावे लागले. ही आज्ञा त्यांनी पाळली. कायद्याशी त्यांचे वैर नव्हते. मात्र शारदा सदनातील एक मुलगी प्लेगच्या इस्पितळात नेली गेली आणि तेथील पहाऱ्यात तिची अब्रू राहिली नाही, असे कळताच त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात मे १८९७ मध्ये उघड पत्र लिहिले. राज्यकर्ते स्वधर्मी, आश्रमाला विलायतेतून व अमेरिकेतून येणारे साहाय्य गोऱ्या लोकांचे. गप्प राहण्यास कारणे पुष्कळ होती. पार्लमेंटात प्रश्न निघाला, गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यांचे म्हणणे खोटे ठरविण्याचा यत्न केला. विलायतेत याच प्रकारचे आरोप करणाऱ्या गोखल्यांना परत आल्यावर पुराव्याअभावी जाहीर माफी मागावी लागली. रमाबाईंनी शब्द मागे घेतला नाही.

मार्च १८९८ मध्ये मुंबईत मदनपुऱ्याच्या जुलाहा विणकरांनी एका झडतीला विरोध केला, दंगल उसळली, आणि मग कोठे सरकारने सक्ती सैल करण्यास आरंभ केला.

हा प्रश्न गोऱ्यांच्या राज्याबरोबर गेला नाही. १४ फेब्रुवारी १८९९ नव्हे, १९८९ ची गोष्ट. गोव्यातील डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केले होते. तपासणीत एचआयव्ही आढळला, म्हणून गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली त्याला पोलिसांकरवी म्हापशाच्या वापरात नसलेल्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस कोंडण्यात आले. त्याची आई लुसी डिसोझा न्यायालयात गेली. उच्च न्यायालयाने त्याची सुटका केली, पण अलगीकरणाचे कलम मात्र वैध ठरविले : व्यक्तीचा हक्क व लोकहित यांत झगडा असेल तर व्यक्तीने माघार घ्यावी. माझ्या मते येथे प्रश्नच चुकीचा मांडला गेला. हा रोग श्वासाने किंवा स्पर्शाने पसरत नाही. त्या कोंडण्याने कोणाचाही जीव वाचत नव्हता. झगडा व्यक्ती आणि लोकहित यांचा नव्हता, व्यक्ती आणि भय यांचा होता. डॉमिनिक १९९२ मध्ये वारला. संमतीशिवाय चाचणी नको, रोग्याशी भेदभाव नको, असे सांगणारा केंद्राचा कायदा २०१७ साली आला.

२०२० च्या करोना साथीत १८९७ चाच कायदा पुन्हा बाहेर काढण्यात आला. आपली देवालयेही बंद राहिली, आणि ते योग्यच होते. त्या वर्षीच्या दुरुस्तीने आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षा ठेवली. रोग्याच्या हक्काची भर मात्र पडली नाही. ती उणीव काही अंशी न्यायालयाने भरून काढली. डॉ. जेकब पुलियेल यांच्या अर्जावर २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शरीरावरील हक्क घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदात येतो, कोणालाही बळाने लस टोचता येणार नाही. तथापि इतरांच्या जीवितासाठी वाजवी निर्बंध शासनाला घालता येतील. लसीमुळे त्रास झाल्यास सामान्य माणसाला व खासगी डॉक्टरला तो नोंदविता यावा आणि त्या नोंदी लोकांना पाहता याव्यात, अशी व्यवस्था करण्याचा आदेशही त्याच निकालात आहे. रमाबाईंना आपल्या मुलीची तक्रार वर्तमानपत्राकडे न्यावी लागली होती.